हॅलो, पलीकडे कोण आहे?

‘फ्रेशर्स चालतील. अनुभवाची अट नाही. इंग्रजी बरं हवं. नाइट शिफ्ट, पिक-अप-ड्रॉप आणि वर इन्सेन्टिव्ह.’ असा मेसेज तुमच्या कॉलेजच्या एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून पडतच असेल. अशा बहुतेक नोकऱ्या सरळ असतात. अनेकांनी त्यावर फी भरलीय, घरी पैसे दिलेत. पण 2016 च्या ऑक्टोबरमध्ये मीरा रोडला जे उघडकीस आलं, तेही बाहेरून असंच दिसत होतं.

ठाणे पोलिसांनी तिथल्या काही कॉल सेंटरांवर एका रात्रीत छापे घातले. आत सातशेहून जास्त माणसं होती, त्यातली बरीचशी तुमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, काही तर तुमच्याच वयाची. चौकशी करून बहुतेकांना सोडलं, 70 जणांना अटक झाली. काम काय चालायचं? अमेरिकेतल्या माणसाशी फोनवर बोलायचं, ‘आयआरएस’मधून, म्हणजे तिथल्या इन्कम टॅक्स खात्यातून बोलतोय असं सांगायचं. तुमचा टॅक्स थकलाय, वॉरंट निघालंय, थोड्या वेळात पोलीस दारात येतील. वाचायचं असेल तर आत्ता दुकानात जा, आयट्यून्सची गिफ्ट कार्डं घ्या, मागची पट्टी खरवडा आणि नंबर वाचून दाखवा.

आता तुम्हाला हसू येईल. टॅक्स कोणी गिफ्ट कार्डाने भरतं का? पण घरबसल्या, डोकं थंड असताना वाचलं म्हणून हसू येतं. या कॉलची सगळी मेहनत समोरच्याचं डोकं थंड होऊ न देण्यासाठीच असते. आधी भीती, मग घाई, आणि मग सर्वांत महत्त्वाचं, एकटं पाडणं. फोन ठेवायचा नाही, कोणाला सांगायचं नाही, दुकानात जातानाही लाइन चालूच ठेवायची. मुलाला किंवा शेजारणीला एक वाक्य बोललात तरी खेळ संपतो, हे त्या स्क्रिप्टला पक्कं ठाऊक असतं.

मार्केटिंग शिकणाऱ्यांनी जरा जपून वाचा, कारण ही हत्यारं तुमच्या ओळखीची आहेत. ‘ऑफर आज रात्री बारापर्यंतच’, ‘शेवटच्या दोन सीट’, ‘सर, मॅडमना नंतर विचारा, आधी बुकिंग करून टाका.’ तीच घाई, तेच एकटं पाडणं. फक्त आवाज गोड.

मला यातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग वाटतो तो कामाच्या वाटणीचा. धमकीचा रेकॉर्डेड मेसेज मशीन पाठवायचं. घाबरून उलटा फोन करणाऱ्याशी आधी एक जण बोलायचा, त्याला ‘ओपनर’ म्हणत. मासा लागला की कॉल ‘क्लोजर’कडे. कार्डाचे पैसे करणारे तिसरेच, तेही अमेरिकेत बसलेले. प्रत्येकाच्या वाट्याला गुन्ह्याचा एवढासा तुकडा. ओपनर म्हणणार, मी पैसे घेतलेच नाहीत. क्लोजर म्हणणार, कॉल तर माझ्याकडे आयता आला. नावंसुद्धा खरी नाहीत, प्रत्येकाला एक अमेरिकन नाव. आणि या सगळ्यावर इन्सेन्टिव्ह. समोरच्या माणसाचा डॉलरचा आकडा झाला की त्याचं रडणं ऐकू येत नाही असं नाही, ते कामातला आवाज होऊन जातं.

मानसशास्त्रवाल्यांना स्टॅनली मिलग्रॅम आठवला असेल. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला येल विद्यापीठात त्याने साध्यासुध्या माणसांना बोलावून, पलीकडच्याचं उत्तर चुकलं की विजेचा झटका द्यायला सांगितलं. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. झटका ‘खाणारा’ दुसऱ्या खोलीत असताना 40 पैकी 26 जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. त्याला त्याच खोलीत आणून, त्याचा हात स्वतःच्या हाताने धरून प्लेटवर ठेवायला सांगितलं, तेव्हा हे प्रमाण 30 टक्क्यांवर आलं. या प्रयोगावर पुढे टीका खूप झाली, आणि ती रास्तही आहे. पण भिंत मध्ये असली की हात सोपा चालतो, एवढं तरी त्यातून दिसतं. इथे तर मध्ये अर्धी पृथ्वी होती.

भिंतीपलीकडे कोण होतं, ते अमेरिकेच्या न्याय खात्याच्या कागदांत सापडतं. मीरा रोडच्या छाप्यांनंतर काही आठवड्यांतच, 27 ऑक्टोबर 2016 रोजी, तिथे 61 व्यक्ती आणि संस्थांवर आरोपपत्र जाहीर झालं. त्यात अहमदाबादची पाच कॉल सेंटरं होती. फसवले गेलेले किमान 15 हजार. एक सॅन दिएगोच्या 85 वर्षांच्या बाई, 12,300 डॉलर गेले. हेवर्ड नावाच्या गावातल्या एका व्यक्तीला 20 दिवस पुन्हा पुन्हा फोन करून 1 लाख 36 हजार डॉलर काढले, त्यासाठी 276 कार्डं विकत घ्यायला लावली. 276 वेळा नंबर वाचून दाखवणं म्हणजे काय, हे क्षणभर डोळ्यांसमोर आणा. ऐकणारा ते नुसता टाइप करत होता. पुढे 2018 मध्ये अमेरिकेतल्या 21 जणांना शिक्षा झाल्या, जास्तीत जास्त 20 वर्षांची.

हे चोरांचं झालं, आपण काय चोर कंपनीत जाणार आहोत का, असं वाटत असेल तर त्याच वर्षीची दुसरी बातमी बघा. सप्टेंबर 2016 मध्ये वेल्स फार्गो या अमेरिकेतल्या जुन्या, प्रतिष्ठित बँकेला साडेअठरा कोटी डॉलर भरावे लागले. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता सुमारे 20 लाख खाती आणि कार्डं उघडली होती. का? कारण वरून टार्गेट होतं, एका ग्राहकाला बँकेची आठ प्रॉडक्ट्स विकायची. बँकेने सुमारे 5,300 जणांना काढून टाकलं, बरेचसे खालच्या पगाराचे. टार्गेट ठरवणाऱ्याला ग्राहक दिसत नव्हता आणि ग्राहकाला टार्गेट दिसत नव्हतं. मधे सापडला तो काउंटरवरचा पोरगा.

आणि मीरा रोडची ती स्क्रिप्ट? ती कुठे गेली नाही, घरी परतली. आता फोन ‘सीबीआय’मधून येतो, व्हिडिओ कॉलवर युनिफॉर्म दिसतो, आणि निवृत्त शिक्षकाला त्याच्याच हॉलमध्ये दोन दोन दिवस कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतात. भीती, घाई, कोणाला सांगायचं नाही; क्रमसुद्धा तोच. कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ असं काही नसतं, हे 27 ऑक्टोबर 2024 ला पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये सांगावं लागलं. यातले काही कॉल म्यानमार-कंबोडियाच्या बंदिस्त आवारांतून येतात. तिथे ‘डेटा एंट्री’च्या नोकरीला म्हणून गेलेली आपलीच मुलं पासपोर्ट काढून घेतल्यावर जबरदस्तीने बसवलेली असतात. मार्च 2025 मध्ये अशा शेकडो भारतीयांना विमानाने परत आणावं लागलं. (घरात कोणाला असा फोन आलाच आणि पैसे गेले, तर लगेच 1930 लावा. पहिले काही तासच कामाचे असतात.)

म्हणून इंटरव्ह्यूला पगार विचाराल, सुट्ट्या विचाराल, तेव्हा आणखी दोन गोष्टी विचारा. ही कंपनी नेमकी कोणाच्या खिशातून पैसे घेते? आणि मला मिळणारी स्क्रिप्ट मी आधी वाचू शकतो का? उत्तर देताना समोरचा एचआर कसा चाचरतो, की चाचरत नाही, यावरूनही बरंच कळतं. ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी खोटं नाव हातात ठेवलं, तर का म्हणून विचारा. पुष्कळ चांगल्या कॉल सेंटरांतही अशी नावं घेत, त्यामुळे नुसतं नाव म्हणजे गुन्हा नव्हे. पण विचारायला पैसे पडत नाहीत.

2017 च्या जानेवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने याच प्रकरणावर मोठी बातमी छापली होती. मुंबईच्या उपनगरातल्या अशाच एका कॉल सेंटरात काम केलेल्या, विशीही न गाठलेल्या दोन मित्रांनी छाप्यांच्या आधी थेट वॉशिंग्टनला, फेडरल ट्रेड कमिशनला फोन लावला. आत काय चाललंय ते सांगायचं होतं. फोन एका महिला अधिकाऱ्यांनी घेतला. नाव विचारल्यावर बोलणाऱ्याने सवयीने अमेरिकन नाव सांगितलं, ॲडम. त्यांनी ते मानलं नाही. तुझी आजी तुला काय म्हणते, असं त्यांनी विचारलं.

बाबू, तो म्हणाला.