रायफलचा कल आणि गोळीची वाट

भुसावळजवळच्या वरणगावला 1964 साली आयुध निर्माणी उभी राहिली. रायफलची काडतुसे बनवणाऱ्या देशातल्या मोजक्या कारखान्यांपैकी ती एक. काडतुसाची दारू, गोळीचे वजन, पितळी केसची जाडी हे सगळे तिथे काटेकोर तपासले जाते. काडतूस इतके चोख असूनही गोळी निशाणाच्या शेजारी पडते, आणि पुष्कळदा त्याचे कारण नेमबाजाच्या हातात असते: रायफल किंचित एका अंगावर कललेली असते. नेमबाज या कलण्याला कँट म्हणतात. नवशिक्यांना तो उशिरा का कळतो आणि लांबच्या पल्ल्यावर तो इतका महाग का पडतो, हे सावकाश समजून घेण्याजोगे आहे.

नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून गोळी खाली पडू लागते. वेग कितीही असो, गुरुत्वाकर्षण तिला सोडत नाही. म्हणून साइट अशा बसवलेल्या असतात की नेम सरळ निशाणावर धरला तरी नळीचे तोंड जरासे वर राहते. गोळी वाटेत जितकी पडणार, तितकीच नळी निशाणाच्या वर रोखलेली असते. रायफल उभी सरळ असेल तर ही उचल बरोबर आकाशाच्या दिशेने असते, गोळीची घट बरोबर जमिनीच्या दिशेने, आणि दोन्ही एकमेकींना फेडतात.

आता रायफल उजवीकडे कलली. नेम अजून निशाणावरच आहे, पण नळीची उचल आता उजवीकडे झुकली आहे. घट मात्र सरळ खालीच होते, ती रायफलकडे पाहून दिशा बदलत नाही. परिणामी गोळी उजवीकडे आणि किंचित खाली लागते. डावीकडे कलली तर डावीकडे आणि खाली. घड्याळाचा मिनिटकाटा बारावर उभा आहे असे समजा. तो एक मिनिट पुढे सरकला की सहा अंश कलतो. त्याचे टोक बाजूला चांगलेच सरकते, खाली मात्र जेमतेम येते. इथे काट्याची लांबी म्हणजे त्या पल्ल्यावरची गोळीची एकूण घट. ती जितकी मोठी, तितके टोक बाजूला दूर जाणार.

हिशोबही सोपा आहे. पाच अंश कल असेल तर एकूण घटीच्या सुमारे नऊ टक्के गोळी बाजूला जाते. एनसीसीचे कॅडेट .22 रायफलने 25 मीटरवर ग्रुपिंग, म्हणजे एकाच नेमावर गोळ्या जवळजवळ पाडण्याचा सराव, करतात. तिथे घट तीन सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे पाच अंशांची चूक अडीच मिलिमीटरवर भागते. ती कोणाच्या डोळ्यावर येत नाही. 7.62 मिमी रायफल घेतली तर 100 मीटरवर घट साधारण साडेसात सेंटिमीटर आणि चूक साडेसहा मिलिमीटर. तिप्पट दूर, 300 मीटरवर, घट पाऊण मीटरच्या वर जाते आणि चूक सात सेंटिमीटरच्या घरात. 600 मीटरवर तीच चूक फूटभर होते. हजार मीटरवर घट काडतुसानुसार बारा ते पंधरा मीटर असते, आणि तिथे त्याच पाच अंशांनी गोळी मीटरभर बाजूला जाते. अंतर तिपटीने वाढले की चूक दहापट वाढते, कारण ती अंतराशी बांधलेली नाही, घटीशी बांधलेली आहे, आणि घट साधारण उड्डाणाच्या वेळेच्या वर्गाने वाढते. म्हणूनच जवळच्या पल्ल्यावर ही सवय लपून राहते. वाकडा हात तसाच पक्का होतो आणि लांबच्या बटवर, म्हणजे निशाणे उभारलेल्या बांधावर, उघडा पडतो.

तिथे दोष वाऱ्यावर जातो. उन्हाळ्यात तापीकाठच्या सपाटीवर वारा असतोच, त्यामुळे गोळी बाजूला गेली की साइट वाऱ्याच्या हिशोबाने फिरवली जाते. पुढची गोळी हात सरळ धरून सुटली तर ती उलट बाजूला जाते. कल दर वेळी वेगळा असेल, तर लांबच्या पल्ल्यावर गोळ्या आडव्या पसरतात आणि दोन्ही टोकांना थोड्या खाली झुकतात. असा उथळ कमानीसारखा ग्रुप दिसला तर वाऱ्याआधी हात तपासावा.

हात कलण्यामागे कधी डोळाही असतो. सातपुड्याच्या उतारावर किंवा धुळ्याजवळच्या लळिंगच्या टेकड्यांकडे तोंड करून उभे राहिलात, तर समोर क्षितिज सपाट नसते. डोळा उतारालाच आडवी रेषा मानतो आणि हात त्याच्या मागे जातो. बटवरच्या निशाणाची लाकडी चौकटही पुष्कळदा तिरकी ठोकलेली असते, तिच्यावर विसंबू नये.

मग ऑलिंपिकचे नेमबाज रायफल मुद्दाम कललेली का धरतात? हा प्रश्न रास्त आहे. कोल्हापूर जिल्ह्यातला, मध्य रेल्वेत नोकरी करणारा स्वप्नील कुसाळे 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत 590 गुण घेऊन सातवा आला आणि अंतिम फेरीत 451.4 गुणांसह त्याने कांस्यपदक जिंकले. या प्रकारात पल्ला एकच असतो. त्याच अंतरावर, त्याच कलासह साइट जुळवली की चूक आधीच फेडली जाते. उभ्याने मारताना रायफल थोडी डोक्याकडे झुकवली तर मान सरळ राहते आणि तोल चांगला राहतो. अट एकच, दर गोळीला कल तोच हवा. 50 मीटरवर .22 ची घट बारा सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे कलात पाच अंशांचा फरक पडला तर गोळी सेंटिमीटरभर सरकते आणि 10.9 चा नेम 9.6 वर येतो. अंतिम फेरीत दशांशांवर जागा ठरतात, तिथे हे परवडत नाही. म्हणून पुष्कळ नेमबाज पुढच्या साइटमध्ये आडव्या दांड्यांची रिंग लावतात, कल तोच आहे हे त्यांना दर वेळी दिसते. पल्ला बदलणाऱ्या नेमबाजीत मात्र ही सवलत नाही. 100 मीटरवर कललेली रायफल जुळवली आणि 600 वर मारली, तर गोळी वेगळ्याच ठिकाणी जाईल.

तपासण्यासाठी महागडे काही लागत नाही. गवंड्याचा ओळंबा निशाणामागे टांगा आणि दुर्बिणीतली उभी रेषा त्या दोरीशी जुळवा. दुर्बीण रायफलवर बसवतानाही हीच दोरी वापरा, कारण गोळीच्या हिशोबात दुर्बिणीची उभी रेषा महत्त्वाची, रायफलचा दस्ता नव्हे. पुढची परीक्षा 100 मीटरवर होते. उंच कागदावर ओळंब्याने उभी रेघ मारा, नेम खालच्या एकाच बिंदूवर ठेवा आणि उंचीचे बटण टप्प्याटप्प्याने चढवत गोळ्या मारा. छिद्रे रेघेवर चढली तर सगळे ठीक. मीटरभर चढताना ती पाच सेंटिमीटर बाजूला गेली, तर कुठेतरी तीन अंश कल आहे. दुर्बिणीच्या अंगाला बुडबुड्याची लहानशी पाणसळही बसवता येते, ती नेम न सोडता दुसऱ्या डोळ्याने पाहता येते. लोखंडी साइटवर मात्र माशीची, म्हणजे पुढच्या साइटची, उभी काडी ओळंब्याशी लावून पाहण्याचीच सवय हवी.

धुळ्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 6 आहे, पोलीस प्रशिक्षण केंद्रही आहे, आणि धुळे व जळगाव या दोन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत एनसीसीची मुले-मुली पहिल्यांदा रायफल हातात घेतात. त्यांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांना एक विनंती: 25 मीटरच्या पहिल्याच सरावात निशाणामागे ओळंबा टांगा, आणि ग्रुप कितीही घट्ट आला तरी मुलांना त्याच्याकडे एकदा पाहायला लावा.