शेऱ्याची जागा

पुण्यात निवृत्त सरकारी माणसाशी गप्पा रंगल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आयुष्यभर नोकरी केली, पण कुणाचा एक पैसा खाल्ला नाही." ते खरं असतं आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. जिथे रोज कुणीतरी फायलीवर वजन ठेवायला बघतं, तिथे तीस-पस्तीस वर्षं हात स्वच्छ ठेवणं सोपं नाही. पण शेजारचा खात होता तेव्हा तुम्ही काय केलंत, हे आपण त्यांना विचारत नाही. गेल्या पाव शतकातलं पुणं आठवताना मला सारखा हाच प्रश्न पडतो.

तसा हा प्रश्न या शहराला जुनाच आहे. 1880 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीसाठी नगरपालिकेने हजार रुपये खर्चायचं ठरवलं, तेव्हा विरोधात मत देणारे जोतीराव फुले एकटेच होते. बाकीचे सदस्य त्यातला पैसा खिशात घालणार होते असं नाही. त्यांनी फक्त होकार दिला.

विसावं शतक सरता सरता पुण्यात महापालिका आयुक्त म्हणून अरुण भाटिया आले. अनधिकृत बांधकामांना हात घालणाऱ्या या अधिकाऱ्याच्या बदलीविरुद्ध पुणेकर रस्त्यावर उतरले. पुढे 2004 मध्ये तेच भाटिया लोकसभेला उभे राहिले आणि हरले. सचोटीचं कौतुक करणारे खूप होते, तिच्यामागे मत उभं करणारे पुरेसे नव्हते. एका धडाडीच्या अधिकाऱ्याच्या भरवशावर शहर चालत नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

बदल झाला तो कायद्यामुळे. अण्णा हजारे यांच्या आंदोलनातून महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा आला, आणि 12 ऑक्टोबर 2005 पासून देशाचा कायदा लागू झाला. त्याच दिवशी पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात शाहिद रझा बर्नी यांनी अर्ज दिला. देशातला पहिला अर्ज म्हणून तो ओळखला जातो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, पानामागे दोन रुपये भरायचे, तीस दिवस वाट पाहायची. विवेक वेलणकर, विजय कुंभार यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हे काम वर्षानुवर्षं चिकाटीने केलं, संपादक प्रकाश कर्दळे यांनी त्याला बळ दिलं. जाब विचारायला आता मोर्चा लागत नव्हता.

मला मात्र 2006 चा ऑगस्ट सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फायलीवरच्या टिपण्या या कायद्यातून वगळायचा केंद्राचा विचार होता. अण्णा आळंदीत उपोषणाला बसले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. टिपणीचं एवढं काय, असं ज्याला वाटतं त्याने एकदा रस्त्याच्या कामाची फाईल चाळावी. कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तकात नोंद करतो : इतकी लांबी, इतकी रुंदी, इतकी जाडी. उपअभियंता ती तपासून सही करतो. बिल लेखा विभागात जातं, तिथे आणखी सह्या होतात. या साखळीत एखादा तरी असा असतो की जो टक्केवारीला शिवत नाही. थर पातळ आहे हे त्याला दिसतं, पण वरच्याची सही झालीय म्हणून तोही करतो आणि स्वच्छ हातांनी घरी जातो. त्याने समासात दोनच ओळी लिहिल्या, की मोजमाप जागेवर जुळत नाही, माझी सहमती नाही, तर तो कागद कायमचा बोलका होतो. टिपण्या उघड राहिल्या म्हणून तो शेरा बाहेरचा माणूस वाचू शकतो. आयुक्त महेश झगडे यांच्या काळात महापालिकेने सोमवारी दुपारी 3 ते 5 फायली नागरिकांना पाहायला खुल्या केल्या, तेव्हा तर अर्जाचीही गरज उरली नाही.

आणि मग 13 जानेवारी 2010. तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी सकाळी फिरायला निघाले होते. भर रस्त्यात धारदार शस्त्रांनी त्यांचा खून झाला. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगतच्या जमिनींचे गैरव्यवहार त्यांनी कागदोपत्री उघड केले होते आणि पोलीस संरक्षणही मागितलं होतं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तपास सीबीआयकडे गेला. 2014 मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला, तपास पुन्हा उघडला गेला, आणि एप्रिल 2018 मध्ये पुरेसा पुरावा नाही म्हणून पुन्हा तसाच अहवाल आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने पुण्याची सोमवारची पद्धत जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कार्यालयांना लागू केली. फाईल पाहायचा हक्क राज्यभर पोचला. तो वापरला म्हणून जीव गमावलेल्या माणसाला न्याय मात्र मिळाला नाही.

आपण शेट्टींना हुतात्मा म्हणतो. मला त्या जमिनींचे कागद आठवतात. जमिनीचा दस्त नोंदणी कार्यालयातून जातो, तलाठी फेरफार धरतो, मंडल अधिकारी तो मंजूर करतो. त्या सगळ्या टेबलांवर सगळेच खाणारे होते यावर माझा विश्वास बसत नाही. ज्यांनी पैसे घेतले नाहीत, त्यांतल्या दोघाचौघांनी जरी वेळीच लेखी हरकत नोंदवली असती, तर गप्प करायला एकच माणूस समोर उरला नसता.

हे लिहिताना धाकट्या कारकुनाची अडचण मी विसरलेलो नाही. त्याला बदलीची, निलंबनाची, मुलांच्या फीची काळजी असते. भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा 2014 मध्ये संमत झाला, पण वर्षं उलटली तरी अमलात आला नाही. त्याची मागणी करायची जबाबदारी माझ्या मते पेन्शन सुरू झालेल्यांची आहे. त्यांची आता कुणी बदली करू शकत नाही, आणि कुठल्या फायलीत काय लपतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. सोमवारी दुपारी तीन वाजता त्यांनी आपल्याच जुन्या खात्यात जावं, ज्या कामावर सही करताना मन कचरलं होतं त्याची फाईल मागावी आणि त्या वेळी न लिहिलेला शेरा आता तक्रार म्हणून लिहून द्यावा.