उत्तर येईपर्यंत थांबायचं किती?

पोलादपूर मागे टाकून आंबेनळी घाटाची चढण लागली की मोबाईलच्या काड्या एकेक करून गळू लागतात. डोंगरकुशीतल्या वाड्यांना हे नवं नाही. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवावा, पडद्यावरचं चक्र गरगरत राहावं, मागे माणसं पिशव्या घेऊन ताटकळावीत.

मशीन बिघडलेलं असतंच असं नाही. आतला प्रोग्रॅम लांबच्या सर्व्हरला काही विचारतो आणि उत्तर हाती पडेपर्यंत पुढची ओळ चालवत नाही. प्रोग्रॅमरांच्या भाषेत हे ‘ब्लॉकिंग’. घाटात एकेरी वाहतुकीत पुढचा ट्रक बंद पडला की मागच्यांचं जे होतं, तेच.

असं नेटवर्कचं काम कुणी रोज नव्याने लिहीत बसत नाही; त्यासाठी तयार लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तयार संच, असते. सर्वांत पसरलेल्यांपैकी एक म्हणजे लिबकर्ल. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी ‘कर्ल’ १९९८ मध्ये प्रसिद्ध केलं आणि २००० मध्ये त्याची लायब्ररी केली. आज ती फोन, टीव्ही, मोटारगाड्यांत असते.

तिचा सोपा मार्ग असा: पत्ता द्यायचा आणि ‘कर्ल ईझी परफॉर्म’ ही एकच आज्ञा द्यायची. त्या एका आज्ञेत सर्व्हरच्या नावावरून त्याचा क्रमांक शोधला जातो, जोडणी होते, सांकेतिक कुलूप ठरतं, मागणी जाते, माहिती येते. सगळं आटोपलं की प्रोग्रॅमच्या हाती एक आकडा पडतो. शून्य आला तर काम फत्ते. ६ म्हणजे नावच सापडलं नाही, ७ म्हणजे जोडणी झाली नाही, २८ म्हणजे वेळ संपली. रात्री एकामागून एक फाइली उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला यापेक्षा सरळ रीत नाही, आणि सरळ लिहिलेल्या प्रोग्रॅममधली चूक लवकर सापडते.

पण २८ हा आकडा आपोआप लवकर येत नाही. लिबकर्ल जोडणीसाठी मुळात ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं थांबते. जोडणी झाल्यावर पूर्ण कामाला मर्यादाच नसते. ती प्रोग्रॅमरने घालायची असते. समोरून स्पष्ट नकार आला तर लगेच कळतं. मधल्या वाटेवर माहिती हरवली तर नकारही येत नाही, नुसती शांतता येते, आणि प्रोग्रॅम त्या शांततेलाच उत्तराची आशा समजून बसून राहतो.

अशी शांतता पोलादपूरशेजारच्या महाडने अनुभवली आहे. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री नदीचं पाणी महाडात शिरलं, वीज आणि फोन गेले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. रस्ते पाण्याखाली असल्याने मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. या तालुक्यांत वापरायचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तो दिवस डोळ्यांसमोर ठेवावा. शहरातल्या वेगवान जोडणीवर तपासलेला प्रोग्रॅम इथे टिकेलच, असं धरून चालणं हा निष्काळजीपणा आहे.

उपाय अवघड नाहीत. जोडणीला दहा सेकंद, पूर्ण कामाला ठरावीक मुदत. ‘साठ सेकंद वेग अमुक बाइटच्या खाली राहिला तर सोडून दे’ असंही लिबकर्लला सांगता येतं. डोंगरातल्या रेंजला हीच अट जास्त मानवते, कारण हळू पण चालू असलेलं काम ती मोडत नाही. पडदा गोठू नये म्हणून वाट पाहण्याचं काम वेगळ्या धाग्यावर (थ्रेडवर), म्हणजे प्रोग्रॅममध्येच समांतर चालणाऱ्या दुसऱ्या वाटेवर, टाकतात. अँड्रॉइडने तर २०११ पासून पडदा सांभाळणाऱ्या मुख्य धाग्यावर नेटवर्कचं काम करायला नव्या ॲपना मनाईच केली. एकाच वेळी अनेक कामं न अडता चालवायची असतील, तर लिबकर्लमध्ये ‘मल्टी’ हा दुसरा मार्ग आहे.

काही कामांत वाट पाहावीच लागत नाही. राज्यात ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी बांधावर पिकाचा फोटो काढतो. रेंज नसेल तर माहिती फोनमध्येच राहते, आणि रेंजमध्ये आल्यावर ती चढवता येते.