घराला एक पावसाळा दाखवा

पाथर्डी, विल्होळी, आडगाव, म्हसरूळ, मखमलाबाद ही नावे एके काळी नाशिककरांना मळ्यांची आणि द्राक्षबागांची आठवण करून देत. आता तिथे आखलेले भूखंड, खडीचे ढीग आणि अर्धवट उभ्या भिंती दिसतात. शहराच्या मध्यभागी घर घेणे आवाक्याबाहेर गेले, की मध्यमवर्गीय कुटुंब अशा कडेच्या वस्तीकडे वळते. आयुष्यभराची बचत, भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम, प्रसंगी घरातले सोने आणि वर वीस वर्षांचे कर्ज यांतून पहिले स्वतःचे घर उभे राहते. बहुतेकांच्या आयुष्यात हा प्रसंग एकदाच येतो.

या एकदाच होणाऱ्या खर्चात दिसणाऱ्या गोष्टींवर फार चर्चा होते. फरशीचा रंग, दर्शनी भागाची सजावट, स्वयंपाकघरातील ट्रॉल्या यांवर घरातले सगळे मत देतात. जोत्यातील ओलरोधक थर, शोषखड्ड्याची जागा, पश्चिमेची भिंत, कूपनलिकेचे पाणी यांविषयी मात्र कोणी विचारत नाही. पुढची तीस वर्षे मुलांचा खोकला, आजोबांचे पाय घसरणे आणि घरच्यांची झोप या न दिसणाऱ्या गोष्टींवर बरीच अवलंबून असते. कागदावर असताना यांतील बहुतेक गोष्टी सुधारायला खर्च जवळजवळ लागत नाही. घर उभे राहिल्यावर तीच सुधारणा भिंत फोडून करावी लागते.

सिडकोच्या वसाहतीचा अनुभव

नाशिकने हा धडा एकदा गिरवलेला आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती वाढल्या तशी कामगारांच्या निवाऱ्याची गरज वाढली. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने पुढे शहराच्या दक्षिणेस नवीन नाशिक वसवले. सहा योजनांत उभ्या राहिलेल्या त्या लहान घरांनी हजारो कुटुंबांना स्वतःचे पहिले छप्पर दिले. घरे छोटी होती, पण मागेपुढे मोकळी जागा होती, उजेड होता, वारा होता.

पुढे मुले मोठी झाली, सुना आल्या. गरज खरी होती, म्हणून लोकांनी मोकळ्या जागेत खोल्या काढल्या, वर मजले चढवले. शेजाऱ्यानेही तेच केले. अनेक गल्ल्यांत दोन घरांमधली हवा संपली आणि मधल्या खोल्यांना दिवसाही दिवा लावावा लागू लागला. यात दोष कुटुंबांचा नव्हता. घर पुढे कोठे वाढेल, याचा विचार पहिल्या दिवशी झाला नव्हता, एवढेच.

आज भूखंडावर घर बांधणाऱ्याने ही वाढ आधीच नकाशात दाखवावी. जिना बाहेरच्या बाजूने घ्यावा, पाया वरच्या मजल्याचा भार धरून करावा आणि सोडलेली सामासिक जागा कायमची सोडलेली समजावी. ती जागा घराच्या श्वसनाची नळी आहे.

जमीन पाहताना

भूखंड पाहायला शक्यतो पावसाळ्यात जावे. उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत दिसणारी जमीन ऑगस्टमध्ये गुडघाभर पाण्यात असू शकते. नाशिकमध्ये सप्टेंबर २००८च्या पुराने हे सर्वांना दाखवून दिले. नदीकाठच्या क्षेत्रासाठी पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. गोदावरीच नव्हे, तर नंदिनी, वालदेवी, वाघाडी यांच्या आणि लहान नाल्यांच्या काठची जमीन घेतानाही ही चौकशी करावी.

दुसरा प्रश्न मातीचा. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण अशी साधारण रचना आढळते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया तिच्यावरच टेकवला, तर घराच्या भिंतींनाही भेगा जातात. त्या भेगांतून ओल शिरते, मुंग्या आणि झुरळे शिरतात. म्हणून पाया मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेण्याचा खर्च वाचवू नये. जिथे काळा थर फार खोल असेल, तिथे संरचना अभियंत्याचा सल्ला अनिवार्य समजावा.

कागदपत्रांचाही आरोग्याशी संबंध आहे. सातबारा उताऱ्यावर गुंठ्यागुंठ्याने विकलेली, मंजूर अभिन्यास नसलेली जमीन स्वस्त मिळते. पण अशा वस्तीत गटार, नळजोडणी आणि पुरेसा रुंद रस्ता कधी येईल याची हमी नसते. रात्री रुग्णवाहिका दारापर्यंत पोहोचेल का, हा प्रश्न खरेदीखतावर सही करण्यापूर्वी विचारावा.

सूर्य आणि वारा

वास्तुशास्त्रावरील श्रद्धा ज्याची त्याने ठेवावी, परंतु सूर्याचे गणित सर्वांना सारखेच लागू आहे. नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे वीस अंशांवर आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे साडेसेहेचाळीस अंशांवर असतो. मे महिन्यात तो जवळजवळ डोक्यावर येतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दीड-दोन फुटांचा छज्जा असेल, तर थंडीतले ऊन आत येते आणि उन्हाळ्यातले बाहेर राहते. नाशिकच्या बोचऱ्या थंडीत वृद्धांना आणि तान्ह्या बाळाला हे कोवळे ऊन औषधासारखे असते.

खरा त्रास पश्चिमेचा. दुपारनंतरचे तिरपे ऊन छज्ज्याला जुमानत नाही. दिवसभर तापलेली भिंत ती उष्णता रात्री खोलीत सोडते आणि झोप मोडते. म्हणून जिना, न्हाणीघर, कोठीची खोली पश्चिमेला ठेवावी आणि झोपण्याच्या खोल्या शक्यतो पूर्वेला किंवा उत्तरेला घ्याव्यात. गच्चीवर पांढरा, ऊन परतवणारा लेप दिला तर वरच्या खोल्यांना बराच दिलासा मिळतो.

खिडक्यांचे एकत्रित क्षेत्रफळ खोलीच्या क्षेत्रफळाच्या सहाव्या ते दहाव्या हिश्श्याइतके असावे, असा राष्ट्रीय बांधकाम संहितेचा हवामानानुसार ठरणारा दंडक आहे. केवळ मोठी खिडकी पुरत नाही. हवा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जायला हवी, म्हणून प्रत्येक खोलीला दोन भिंतींत उघडी जागा असावी. स्वयंपाकघरात धूर बाहेर फेकणारा पंखा ओट्याच्या वरच्या बाजूस हवा. गॅसवर चालणारा गिझर न्हाणीघरात कधीही बसवू नये. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि माणूस हाक मारण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो. तो मोकळ्या हवेत बसवून पाइपने पाणी आत आणावे.

आज घर बांधणारे जोडपे चाळिशीतले असले, तरी कर्ज फिटेपर्यंत साठीला पोहोचणार असते. तळमजल्यावर एक झोपण्याची खोली आणि तिला लागून न्हाणीघर असावे. दरवाजा चाकाची खुर्ची जाईल इतका रुंद, उंबरठा शक्य तितका बुटका, फरशी खरखरीत आणि भिंतीला धरायला दांडी असावी. दांडी आज बसवली नाही, तरी तिच्यासाठी भिंतीत मजबूत जागा आजच ठेवता येते.

पाणी येते कोठून, जाते कोठे

नाशिक शहराला गंगापूर आणि मुकणे धरणांचे शुद्ध केलेले पाणी मिळते. कडेच्या नव्या वस्तीत मात्र काही काळ कूपनलिका किंवा टँकरवर राहावे लागते. कूपनलिकेचे पाणी नितळ दिसले म्हणून पिण्यायोग्य ठरत नाही. पाषाणातील भेगांतून ते येते, आणि त्याच भेगांतून शेजारच्या शोषखड्ड्याचे पाणीही उतरू शकते. वापर सुरू करण्यापूर्वी प्रयोगशाळेत क्षारता, कठीणपणा, नायट्रेट आणि जंतू यांची तपासणी करून घ्यावी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. पूर्वी शेती असलेल्या, खते पडलेल्या जमिनीत ही तपासणी विशेष महत्त्वाची आहे, कारण जास्त नायट्रेट तान्ह्या बाळांना घातक ठरते. ते पाणी उकळून कमी होत नाही.

शोषखड्डा आणि कूपनलिका भूखंडाच्या विरुद्ध टोकांना असावीत. दोहोंत १८ मीटर अंतर राखणे इष्ट. छोट्या भूखंडावर आपले अंतर पुरेसे असले, तरी शेजाऱ्याचा खड्डा आपल्या कुंपणालगत असू शकतो. म्हणून चार शेजाऱ्यांनी बांधकामाआधी एकत्र बसून जागा ठरवाव्यात.

पावसाचेही पाणी आपलेच आहे. नाशिक शहरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले, तर ९० चौरस मीटरच्या गच्चीवर ६३ हजार लिटर पाणी येते. वाया जाणारा भाग वगळूनही ५० हजार लिटर जमिनीत मुरवता येईल.

ओल आणि डास

दमट, बुरशी लागलेल्या घरात राहणाऱ्यांत दमा आणि श्वसनाचे विकार अधिक आढळतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९च्या मार्गदर्शिकेत नमूद केले आहे. घरातील ओल बहुधा बांधतानाच आत येते. जोते आजूबाजूच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर उंच असावे आणि त्यावर ओलरोधक थर, म्हणजे मिस्त्री ज्याला डीपीसी म्हणतात तो, न चुकता घालावा. न्हाणीघराच्या आणि गच्चीच्या जलरोधक कामानंतर पाणी भरून ठेवून गळती तपासावी, मगच फरशी बसवावी.

काँक्रीटला पाणी मारण्याचे काम नेहमी रखवालदारावर सोडले जाते. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा दिवस पाणी द्यावे, उष्ण कोरड्या हवेत चौदा दिवस द्यावे, असे भारतीय मानक ४५६ सांगते. मात्र हेच पाणी डेंगूच्या डासांना आमंत्रण असते. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून ओली पोती वापरावीत, गच्चीवर साठवलेले पाणी आठवड्यातून एक दिवस पूर्ण काढून कोरडे करावे आणि पिंपे झाकावीत. बांधकामावर कुटुंबासह राहणाऱ्या मजुरांच्या मुलांना त्या डासांचा त्रास सर्वांत आधी होतो, हे विसरू नये.

रंग घेताना डब्यावरील शिशाचा उल्लेख वाचावा. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० पेक्षा अधिक नसावे, असा भारतात नियम आहे. लहान मुलांच्या मेंदूला शिसे अपाय करते, तेव्हा सुटा, बिननावाचा रंग स्वस्त म्हणून आणू नये.

अंतराचा हप्ता

कडेच्या वस्तीतील घर स्वस्त पडते, पण त्याचा एक हप्ता बँकेच्या पासबुकात दिसत नाही. कामाला जाण्यास चाळीस मिनिटे आणि परतण्यास चाळीस मिनिटे धरली, तर वर्षातील तीनशे दिवसांचे चारशे तास होतात. वीस वर्षांच्या कर्जाच्या काळात आठ हजार तास, म्हणजे जवळपास ३३३ अहोरात्र प्रवासात जातात. १९७५ पासून धावणाऱ्या पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबई गाठणाऱ्या नाशिककरांना हा हिशेब फार मोठा पडतो.

हे तास झोपेतून, व्यायामातून आणि मुलांच्या अभ्यासाजवळ बसण्यातून वजा होतात. म्हणून भूखंड ठरवण्यापूर्वी पतिपत्नींनी कामाच्या दिवशी, कामाच्याच वेळी तो रस्ता आठवडाभर ये-जा करून पाहावा. शाळा, दवाखाना आणि रात्री उघडे असणारे औषधाचे दुकान यांचे अंतरही घड्याळ लावून मोजावे. पन्नास हजारांनी स्वस्त भूखंडापेक्षा वीस मिनिटे जवळचा भूखंड पुष्कळदा अधिक किफायतशीर ठरतो.

मुहूर्ताची घाई

शेवटचा आणि सर्वांत अवघड मुद्दा गृहप्रवेशाचा. एकीकडे घरभाडे, दुसरीकडे कर्जाचा हप्ता, अशा दुहेरी ओझ्यामुळे कुटुंबाला लवकरात लवकर नव्या घरात जायचे असते. मुहूर्त काढला जातो, ओल्या गिलाव्यावरच पुट्टी आणि रंग चढतो. ओल आत कोंडली जाते आणि पहिल्याच श्रावणात भिंतीवर काळे डाग उमटतात.

शक्य असेल त्याने कामाचे वेळापत्रकच वेगळे आखावे. दसरा-दिवाळीनंतर पाया, थंडीत स्लॅब, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गिलावा पूर्ण, आणि मग घराला एक पावसाळा दाखवावा. पावसात दर आठवड्याला सगळ्या खोल्यांतून फिरावे. कोठे पाझरते, कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते, वारा कोणत्या खिडकीतून पाऊस आत आणतो हे वहीत लिहावे. दुरुस्ती झाल्यावर रंग द्यावा आणि येत्या दसऱ्याला राहायला जावे. कर्जाची आखणी करतानाच या चार-पाच महिन्यांच्या भाड्याची रक्कम बाजूला काढून ठेवावी.

ते मुळीच शक्य नसेल, तर निदान वास्तुशांत करावी, पण रंग थांबवावा. भिंत वाळली का, हे पाहण्याची रीत सोपी आहे. हातभर चौरस पारदर्शक प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर लावावे. एक रात्र उलटल्यावर आतून पाण्याचे थेंब दिसले, तर ती भिंत अजून ओली आहे. पांढरा चुना मारलेल्या साध्या भिंतींत एक वर्ष काढल्याने कोणाचे काही बिघडत नाही. पाहुण्यांनी विचारलेच, तर भिंती वाळत आहेत, एवढे सांगावे.