‘३४ चौरस डेसिमीटर’ म्हणजे नेमके किती?

निरगुडसर (ता. आंबेगाव) : घोड नदीच्या खोऱ्यातील या उसाच्या पट्ट्यात तोडणी झाली की शेते मोकळी होतात. मॉडेल विमान उडविण्यास अशी जागा सोयीची. मात्र स्पर्धेत उतरणाऱ्याची पहिली परीक्षा आकाशात नव्हे, तर वजनकाट्यावर होते. नियमाचे एक वाक्य चुकीचे वाचले, तर अनेक महिन्यांची मेहनत तपासणीतच बाद ठरू शकते.

आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या (एफएआय) ‘एफ-१-ए’ गटाचेच पाहा. दोराने वर खेचून सोडायच्या या इंजिनरहित ग्लायडरचे क्षेत्रफळ ३२ ते ३४ चौरस डेसिमीटर, वजन किमान ४१० ग्रॅम आणि दोर कमाल ५० मीटर, अशी अट आहे. नवखा स्पर्धक हे क्षेत्रफळ केवळ पंखाचे समजतो. वास्तविक त्यात आडवे शेपूटही धरले जाते. त्यामुळे शेपूट लहान केल्यास वाचलेले क्षेत्र पंखाच्या वाट्याला येते. पण लहान शेपटाने स्थैर्य राखायचे तर दांडी लांब हवी. दांडी लांबली की तोल मागे जातो आणि नाकात शिसे भरावे लागते. शिवाय क्षेत्रफळ मोजायचे ते आडव्या प्रतलावरील प्रक्षेपाचे, म्हणजे माध्यान्हीच्या सावलीसारखे. वर उचललेल्या पंखटोकांचा प्रत्यक्ष पृष्ठभाग या सावलीहून थोडा अधिक भरतो. ही पळवाट नव्हे. नियमाचा अर्थच तसा आहे.

वजनाची अट ‘किमान’ का, असाही प्रश्न पडतो. हलके ग्लायडर सावकाश उतरते, म्हणून मर्यादा खालच्या बाजूने घातली आहे. रेडिओ नियंत्रित कसरतींच्या ‘एफ-३-ए’ गटात याउलट कमाल ५ किलो वजन, तसेच लांबी व पंखविस्तार प्रत्येकी २ मीटर, असे बंधन आहे.

गावात विमान उडविताना देशाचा कायदाही वाचावा लागतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार शिक्षण, संशोधन वा मनोरंजनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडविलेल्या २५ किलोपर्यंतच्या दूरनियंत्रित मॉडेलला प्रकार-प्रमाणपत्राची गरज नाही. ही सवलत तेवढ्यापुरतीच. हवाई क्षेत्राची बंधने कायम राहतात. आंबेगाव, जुन्नर परिसरात २०२४ मध्ये रात्रीच्या ड्रोनच्या घिरट्यांनी भीती पसरली होती. तेव्हा नियमात बसणारे विमान असले, तरी उड्डाणापूर्वी पोलीस पाटलांना कल्पना दिलेली बरी.