पाटणादेवीचे रान आणि खांबांवरची नावे

आपल्या घरांतून सहल म्हटली की अजिंठा, नाहीतर नागपूरची दीक्षाभूमी. तिथे जावेच. पण खानदेशातील बंधू-भगिनींनी एकदा पाटणादेवीचे रानही पाहावे. चाळीसगावपासून ते सुमारे १८ किलोमीटर आहे. धुळे आणि जळगाव दोन्हीकडून चाळीसगावला रेल्वे आहे. पुढे चार कुटुंबांनी मिळून गाडी केली तर खर्च बेताचा येतो.

हे रान गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा भाग आहे. १९८६ साली जाहीर झालेले हे अभयारण्य जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत सुमारे २६० चौरस किलोमीटर पसरले आहे. इथे बिबट्याही आहे. म्हणून मुलांना एकटे सोडू नये व अंधारापूर्वी परतावे.

आम्ही पावसाळा ओसरल्यावर गेलो. आधी कण्हेरगड चढलो. गड लहानसा, सावकाश चढले तरी फार वेळ लागत नाही. माथ्यावरून खालचे देऊळ आणि सारे रान दिसते. वाटेत नागार्जुन लेणे लागते. नाव ऐकून ते आपलेच असावे असे वाटते. पण आत जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. नावावरून हक्क सांगू नये, डोळ्यांनी पाहून खरे ते मुलांना सांगावे.

आपला वारसा याच अभयारण्यात, पितळखोऱ्यात आहे. ही बौद्ध लेणी दोन हजारांहून अधिक वर्षांची आहेत. रानातून पायवाट आहे, मात्र वाटाड्या हवा. म्हाताऱ्या माणसांना कन्नडकडून गाडीने नेऊन पायऱ्यांनी उतरवावे. दगड ठिसूळ, त्यामुळे बरेच कोसळले आहे. तरी हत्तींची रांग आणि दारावरचे द्वारपाल पाहताना मुले हलत नाहीत.

खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे आहेत. त्यांत पैठणचा मितदेव आहे. तो अत्तर-सुगंधाचा व्यापारी. इथे सापडलेली यक्षमूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली, असे तिच्या हातावरच कोरले आहे. म्हणजे या डोंगरात व्यापाऱ्याच्या बरोबरीने कारागिराचेही नाव टिकले! हातावर पोट असणाऱ्या आपल्या घरांतील मुलांनी हे ऐकलेच पाहिजे.

आणखी एक विनंती. भिंतींवर खिळ्याने कोणी आपले नाव ओरखडू नये. मितदेवाने दान दिले, कण्हदासाने मूर्ती घडवली. म्हणून त्यांची नावे तिथे शोभतात.