जावातील भातशेतीचे खेडे : जमीन, जीवन आणि प्रवास

प्रस्तावना :

इंडोनेशिया हा सतरा हजारांहून अधिक बेटांचा देश असला, तरी त्याची निम्म्याहून अधिक लोकसंख्या एकट्या जावा बेटावर राहते. २०२० च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या सुमारे २७ कोटी २ लाख होती व त्यांपैकी सुमारे १५ कोटी १६ लाख लोक जावावर होते. या बेटाने मात्र देशाच्या भूभागाचा जेमतेम सात टक्के भाग व्यापला आहे. खेड्याला तेथे 'देसा' म्हणतात. हा शब्द संस्कृत 'देश' या शब्दावरून आलेला आहे. इतक्या अल्प जमिनीवर इतकी माणसे कशी जगतात, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे अभ्यासकांसमोर आहे. त्याचे उत्तर केवळ शेतीत शोधले, तर ते अपुरे राहते. जावातील खेडे जमिनीवर जितके उभे आहे, तितकेच ते गावकऱ्यांच्या ये-जा करण्यावर उभे आहे. प्रस्तुत लेखात या परस्परसंबंधाचा विचार केला आहे.

जमिनीचे प्रकार व धारणा :

जावातील गावात जमिनीचे मुख्यतः तीन प्रकार आढळतात. पाटाच्या किंवा पावसाच्या पाण्यावर भात पिकणारी बांधबंदिस्त खाचरे म्हणजे 'सावाह'. मका, कसावा, भुईमूग यांसारखी पिके देणारी कोरडवाहू जमीन म्हणजे 'तेगाल'. घराभोवतीचे परसू म्हणजे 'पेकारांगान'. त्यात नारळ, केळी, फणस, भाजीपाला व औषधी वनस्पती एकमेकांच्या सावलीत वाढतात. ज्याच्याकडे खाचर नाही, त्यालाही परसातून रोजच्या जेवणाचा काही भाग मिळतो. म्हणून गरीब कुटुंबाच्या दृष्टीने परसाचे मोल मोठे आहे.

अनेक गावांत ग्रामाधिकाऱ्यांना वेतनाऐवजी जमीन कसण्यास देण्याची 'बेंगकोक' नावाची पद्धत आहे. महाराष्ट्रातील वाचकाला येथे जुन्या वतन जमिनींची आठवण होईल. परंतु बेंगकोक जमीन पदाबरोबर येते आणि पद गेले की जाते, ती वंशपरंपरेने मिळत नाही. ज्यांना स्वतःची जमीन पुरत नाही ते दुसऱ्याची जमीन वाट्याने कसतात. अर्धेलीच्या पद्धतीला जावानी भाषेत 'मारो' म्हणतात.

जमीन अपुरी का पडली ? :

१८३० मध्ये डच गव्हर्नर-जनरल योहानेस व्हॅन डेन बॉश याने सक्तीची लागवडपद्धती सुरू केली. तत्त्वतः गावाच्या एक-पंचमांश जमिनीवर ऊस, नीळ यांसारखी निर्यातीची पिके घ्यावयाची होती; प्रत्यक्षात जमीन व श्रम यांची मागणी अनेक ठिकाणी त्याहून अधिक झाली. लोकसंख्या वाढत राहिली, परंतु तिला सामावून घेणारे उद्योग गावाजवळ उभे राहिले नाहीत. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की भातखाचरात अधिकाधिक श्रम जिरवून आणि मिळेल ते सर्वांत वाटून घेऊन जावाचे खेडे तगले. या वाटपाला त्यांनी सामायिक दारिद्र्य असे म्हटले. बेंजामिन व्हाइट यांच्यासह नंतरच्या अभ्यासकांनी या मताची कठोर तपासणी केली. गावात जमीनधारक व भूमिहीन यांच्यातील दरी पूर्वीपासूनच होती आणि दारिद्र्य सर्वांच्या वाट्याला सारखे आलेले नव्हते, हे त्यांनी दाखवून दिले.

१९६० च्या मूलभूत भूमी कायद्याने व त्याच वर्षीच्या कमाल धारणेच्या तरतुदींनी फेरवाटपाची आशा निर्माण केली. परंतु १९६५-६६ मधील हत्याकांडानंतर भूमिसुधारणेची मागणी करणेही धोक्याचे ठरले आणि तो कार्यक्रम थंडावला.

हरितक्रांती आणि कापणीचा हक्क :

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सुधारित बियाणे, रासायनिक खते व कर्ज यांचा सरकारी कार्यक्रम गावोगावी पोहोचला. उत्पादन झपाट्याने वाढले आणि १९८४ मध्ये इंडोनेशिया तांदळाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाल्याचे जाहीर झाले. ही स्वयंपूर्णता पुढे टिकली नाही. मात्र गावातील संबंधांवर झालेला परिणाम टिकून राहिला.

जुन्या पद्धतीत स्त्रिया 'आनी-आनी' नावाच्या, तळहातात मावणाऱ्या लहान पात्याने एकेक लोंबी कापत. भाताची देवता 'देवी श्री' हिला पाते दिसून ती भिऊ नये, अशी त्यामागची श्रद्धा सांगितली जाते. कापणीस येणाऱ्या स्त्रीला कापलेल्या भाताचा ठरलेला हिस्सा मिळे. त्यास 'बावोन' म्हणत. शेजारीण, नातलग, भूमिहीन स्त्री यांपैकी कोणालाही परत पाठवणे अशिष्ट मानले जाई. म्हणजे जमीन नसलेल्या घरालाही पिकावर एक अलिखित हक्क होता.

१९७० च्या दशकात 'तेबासान' ही पद्धत पसरली. तीत उभे पीक कापणीपूर्वी व्यापाऱ्याला विकले जाते आणि व्यापारी विळे घेतलेली स्वतःची टोळी आणतो. नव्या बुटक्या वाणांना विळा सोयीचा होता, हे खरे; परंतु जमीनमालकाला अधिक महत्त्वाची सोय दुसरीच होती. शेजाऱ्याला नाही म्हणण्याचा संकोच आता त्याच्यावर राहिला नाही, तो व्यापाऱ्यावर गेला. याच काळात भात भरडण्याच्या गिरण्या आल्या व उखळ-मुसळाने भात कांडून मिळणारी स्त्रियांची मजुरीही संपली. उत्पादन वाढले त्याच वर्षांत भूमिहीनांचा पिकातील वाटा घटला.

प्रवास : गाव सोडणे आणि गाव राखणे :

जावातील दाटी कमी करण्याचा शासकीय उपाय म्हणजे दूरच्या बेटांवर वसाहत. १९०५ मध्ये मध्य जावातील केडू भागातून १५५ कुटुंबे सुमात्रातील लांपुंग येथे नेण्यात आली. स्वातंत्र्यानंतर 'ट्रान्समिग्रासी' या नावाने हेच धोरण मोठ्या प्रमाणावर चालले. जावाची दाटी त्यामुळे फारशी कमी झाली नाही आणि अनेक ठिकाणी स्थानिकांशी जमिनीचे तंटे उद्भवले.

लोकांनी स्वतः शोधलेला मार्ग वेगळा होता. १९७० च्या दशकात रस्ते सुधारले आणि जपानी बनावटीच्या लहान प्रवासी गाड्या गावापर्यंत येऊ लागल्या. लावणी आटोपल्यावर शहरात जाऊन बांधकामावर राबणे, सायकलरिक्षा ओढणे किंवा फेरीचा धंदा करणे आणि कापणीस परतणे असा क्रम रूढ झाला. भूगोलतज्ज्ञ ग्रेम ह्यूगो यांनी त्या दशकात पश्चिम जावातील खेड्यांचा अभ्यास करून दाखवले, की असे बहुसंख्य प्रवासी जनगणनेच्या स्थलांतराच्या व्याख्येत बसतच नाहीत. कागदोपत्री गाव स्थिर होते, प्रत्यक्षात ते सतत फिरत होते. मध्य जावातील वोनोगिरी जिल्हा अशा फिरत्या विक्रेत्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील लोक जकार्तात मांसाच्या गोळ्यांचे सूप व 'जामू' हे वनौषधींचे पेय विकतात. पुढे पूर्व जावातील पोनोरोगोसारख्या जिल्ह्यांतून स्त्रिया घरकामासाठी हाँगकाँग, तैवान, मलेशिया येथे जाऊ लागल्या. त्यांनी पाठवलेल्या पैशातून घर, मुलांचे शिक्षण आणि काही वेळा खतांचा खर्चही भागतो.

रमजान ईदला, म्हणजे 'लेबारान'ला, शहरांतील लोक गावी परततात. या प्रवासास 'मुदिक' म्हणतात; या शब्दाचा संबंध 'उदिक', म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचा मुलूख, याच्याशी जोडला जातो. वडीलधाऱ्यांची क्षमा मागणे आणि पूर्वजांच्या कबरींना भेट देणे हे त्याचे धार्मिक-कौटुंबिक रूप होय. त्याबरोबरच घरातील आपला हिस्सा आणि गावातील आपले स्थान जागे ठेवण्याचाही तो मार्ग आहे. डिसेंबर २०१८ मध्ये जकार्ता ते सुराबाया हा पथकर महामार्ग सलग झाला व हा प्रवास सुकर झाला. तथापि या मार्गासाठीही अनेक ठिकाणी भातखाचरेच गेली.

समारोप :

२०२३ च्या कृषिगणनेनुसार इंडोनेशियातील शेतकरी कुटुंबांपैकी दहात सुमारे सहा कुटुंबांकडे अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन आहे. २०१४ च्या ग्राम कायद्याने व २०१५ पासूनच्या ग्रामनिधीने रस्ते, पाट आणि पूल यांसाठी गावाच्या हाती पैसा आला. परंतु जमिनीचे वाटप त्यामुळे बदलले नाही. शहरातील मजुरीने लहान शेत टिकवले आहे, हे वरील विवेचनावरून स्पष्ट होते. तीच मजुरी पुढील पिढीला शेतापासून दूरही नेत आहे. शेतकऱ्याचे वय वाढत आहे आणि खाचर कसणार कोण, हा प्रश्न गावासमोर उभा आहे. म्हणून खेड्याचा अभ्यास करताना सातबाऱ्यासारख्या जमिनीच्या नोंदींवर थांबून चालत नाही. कोण कोठे जातो, काय पाठवतो, केव्हा परततो आणि परतल्यावर त्याला पिकात काही हक्क उरला आहे काय, हेही विचारावे लागते.